बॅकअप

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं, तेव्हा अक्षर वाकडं आणि चुका बऱ्याच असतील, सांभाळून घ्या. काल इन्व्हर्टरमध्ये पाणी भरताना बॅटरीचा आंबूस वास आला आणि शिरूरचं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवलं. हे वारल्यावर त्यांचा जुना लॅपटॉप मी आमच्या राहू गावाहून तिथं नेला होता. ह्यांनी रांजणगावच्या कंपनीतून मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेलं बोलणं त्यात साठवलेलं होतं, "जेवलीस का?" एवढंच असायचं. दुकानदार म्हणाले, "मावशी, ह्याच्यावर विंडोज आता चालायचं न्हाई. लिनक्स टाकतो, फुकट असतं. बॅकअप हाय नव्हं?" घरी इन्व्हर्टर होता, म्हणून मी म्हटलं, "हाय की." संध्याकाळी लॅपटॉप लावला तर सगळं नवंच. घराचं चित्र होतं त्यावर दाबलं, आतले सगळे कप्पे रिकामे. दुसऱ्या दिवशी परत गेले, म्हटलं, घरी इन्व्हर्टर असताना ह्यांचं बोलणं गेलं कुठं? "अवो मावशी, मी इन्व्हर्टरचं न्हवतो इचारत," दुकानदार हळू आवाजात म्हणाले. "दुसरीकडं कॉपी ठेवलीय का, असं इचारलं. लिनक्स टाकताना आतलं जुनं सगळं पुसलं जातं." त्यांनी घेतलेले सगळे पैसे परत दिले. आता लिनक्स मला चांगलं जमतं. ह्यांचं बोलणं आठवायला बसलं तर मात्र नुसते शब्द आठवतात, आवाज येत नाही.