तुळशीकट्ट्यावरच्या केशरी छत्र्या

त्या भादव्यात झड लागली होती. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी चुन्याची बादली घेऊन अंगणातला तुळशीकट्टा रंगवायला बसले, तर वरच्या कडेच्या शेवाळात चार-पाच इवल्या छत्र्या उगवलेल्या. आगकाडीपेक्षा कमी उंची, टिकलीएवढा माथा आणि रंग असा भडक केशरी की मी हातातला कुंचा खालीच ठेवला. इतकं देखणं काही बऱ्याच दिवसांत माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

नवऱ्याचं घर सोडून आईकडे आले त्याला तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. गंगाखेडच्या शाळेत शिकवत होते, रोज एसटीनं जात-येत होते. तरी गावाच्या लेखी मी पाहुणीच. आई कुणाचीच बाजू घेत नसे. विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. लोकांपेक्षा मला तिचाच राग जास्त होता.

वालूरहून सणाला आलेली आत्या मागं येऊन उभी राहिली.

"अगं बाई, कुत्र्याची छत्री! अन् तुळशीजवळ? खुरप्यानं काढ आधी. उद्या महालक्ष्म्या इथूनच घरात न्यायच्यात."

कुत्र्यानं पाय वर केला की तिथं ही छत्री उगवते, असा आमच्याकडे समज. कट्टा माझ्या कमरेएवढा. तिथवर पोचणारा कुत्रा सर्कशीतला असेल, असं मी म्हणाले. आत्याला हसू आलं नाही.

"इटाळ हाय तो. काढ."

"न्हाई काढत."

छत्र्यांभोवती तळहाताएवढी जागा सोडून बाकीच्या कट्ट्याला मी दोन हात चुना दिला. हट्टानंच दिला.

तिसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला सगळी गल्ली लोटली. एकीनं तो हिरवा-केशरी चट्टा पाहून विचारलं, "एवढं रंगवायचं राह्यलं का?"

"राह्यलं न्हाई, ठिवलंय," आत्या तयारच होती. "हिला असलंच आवडतं, कुठंबी उगवलेलं." मग तिनं आत मांडलेल्या मुखवट्यांकडे हात केला. "माहेरपणाला आलेल्या महालक्ष्म्याबी तीन दिवसांत माघारी जातात बाई. तू कधी जायलीस?"

संतापानं माझे कान तापले. हळदीकुंकवाचं ताट हातात तसंच होतं.

"मी जाणार न्हाई," मी म्हणाले. "तिथं मला जीव नकोसा झाला होता. मी इथंच राहणार हाय."

इतके दिवस मनात घोकलेलं वाक्य, पण ऐन वेळी आवाज अगदी बारीक निघाला. पुढच्या दोघी-तिघींनाच काय ते ऐकू गेलं असेल.

आई पानसुपारी लावत बसली होती. ती उठून आली आणि माझ्या हातातलं ताट तिनं काढून घेतलं. मला वाटलं, आता आत जा म्हणेल.

"मोठ्यानं सांग की," ती म्हणाली. "मागच्या बायकांला ऐकू गेलं न्हाई."