किल्लीचे तीन फेरे

बल्गेरियातल्या पेर्निकमध्ये रांगेल बाच्वारोव ठाऊक नाही असा माणूस शोधून दाखवा. अग्निशमन दलात त्याची सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निम्मी तरी लोकांची बंद दारं उघडण्यात गेली होती. कारखाने बंद पडले, चोरांचा सुळसुळाट झाला, तेव्हा गावाने एकजात पोलादी दारं बसवून घेतली. घरात चोरण्यासारखं काय, तर एक टीव्ही आणि मिरच्यांच्या लोणच्याच्या बरण्या. पण दार मात्र बँकेच्या तिजोरीचं. मग आत एखादी म्हातारी न्हाणीत घसरून पडायची, दार काही केल्या उघडायचं नाही, आणि रांगेलला बोलावणं जायचं.

हात मात्र त्याचा सोन्याचा होता, हे मान्य करायलाच हवं. पहारीचं चपटं टोक दार आणि चौकट यांच्या फटीत कुठे बसवायचं, घणाचा ठोका किती जोराचा हवा, कुठल्या बाजूला रेटायचं, हे त्याला दाराकडे नुसतं बघून कळायचं. नव्या भरती झालेल्यांना तोच शिकवायचा. त्याचा पहिला धडा ठरलेला: लोखंडाला हात लावायच्या आधी हँडल दाबून बघा. कोणी विसरला की मानेवर चापट बसायची. "अरे गाढवा, उघडं दार फोडतोस होय?" असं म्हणून तो सगळ्यांसमोर त्याची टर उडवायचा, आणि ती टर पुढे महिनाभर चालायची.

हा माणूस टेंभा मिरवणारा होता, हेही सांगून टाकतो. त्या हिवाळ्यात त्याला सोफियाच्या प्रशिक्षण शाळेचं पत्र आलं होतं. वसंतापासून सगळ्या देशाच्या पोरांना दारं उघडायला तो शिकवणार होता. ते पत्र तो खिशात घेऊन फिरायचा आणि गुत्त्यात कोणी विचारो न विचारो, वाचून दाखवायचा. बायको सोडून गेलेली, मूलबाळ नाही. नाव तेवढं होतं त्याच्याकडे, दुसरं काही नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, चौथ्या मजल्यावरच्या मेतोदीच्या घराला आग लागली. मेतोदी म्हणजे खाणीतून निवृत्त झालेला पंचाहत्तरीचा म्हातारा. तो बाजारात गेला होता आणि जाताना दाराला बाहेरून किल्लीचे तीन फेरे देऊन गेला होता. बायको स्तोयना आत. तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, साधा चमचा धरवत नव्हता तिला. एरवी ती किल्ली तिला फिरायचीच नाही, आणि त्यावरून त्यांची मुलगी नेवेना बापाशी कितीदा भांडली होती. असलं कुलूप बसवून आईला कोंडून ठेवता, म्हणायची. मेतोदी म्हणायचा, चोर आला तर तू येणार आहेस का सोफियाहून?

विजेच्या शेगडीवरून पडद्याने पेट घेतला. शेजाऱ्यांनी दार ओढून पाहिलं, ठोठावलं, स्तोयनाला हाका मारल्या. दार हललं नाही. धूर वाढला तसे ते खाली पळाले. मेतोदी बाजारातून धावत आला, तसाच चार मजले चढला आणि किल्ली लावायला गेला, तर ती आतच जाईना. कुलपात आतून दुसरी किल्ली होती. आमच्याकडे याचा अर्थ एकच. रात्री प्रत्येक घर आतून किल्ली फिरवून ती कुलपातच ठेवतं, म्हणजे बाहेरून चोराची किल्ली लागत नाही. आतून किल्ली म्हणजे दार बंद, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तेवढ्यात रांगेल आणि त्याचा जोडीदार त्सान्को वर आले आणि त्यांनी म्हाताऱ्याला जिन्यात मागे ढकललं. आतून किल्ली आहे, तीन फेरे आहेत, मीच दिलेत, असं तो खोकत खोकत ओरडत होता.

रांगेलने ऐकलं, आणि तिथेच घात झाला. महिन्यापूर्वी जर्मनीहून दलाला लोखंड कापायची चाकाची करवत भेट आली होती. ती वापरायला त्याचे हात शिवशिवत होते. असलं दार पहारीला दाद देणार नाही, बिजागऱ्याच कापायला हव्यात, हे त्याने क्षणात ठरवलं. तेही खोटं नव्हतं, दार खरंच बंद असतं तर. खालच्या मजल्यावर अर्धी इमारत गोळा झालेली. करवत गुरगुरली, ठिणग्यांचा पाऊस पडला, आणि खालून कोणीतरी म्हणालं, आता सुटली बिचारी. रांगेलला ते ऐकू आलं आणि बरं वाटलं.

पहिली बिजागरी, दुसरी, तिसरी. त्या बाजूला चौकटीत रुतलेले, न हलणारे दांडे वेगळेच. ते पहारीने उचकटावे लागले. सात मिनिटं गेली. मग दार एका अंगाने सुटलं आणि दोघांनी ते ओढून जिन्याच्या मोकळ्या जागेत आडवं टाकलं.

स्तोयना उंबऱ्यालाच पडली होती. अंगावर भाजल्याचा डाग नाही, सगळं धुरानेच केलं होतं. त्सान्को तिला खांद्यावर टाकून खाली पळाला. रस्त्यावर त्याने तिच्या छातीवर बराच वेळ दाब दिला, पण उपयोग झाला नाही.

वर रांगेलने आग विझवली. दहा मिनिटांचं काम. बाहेर येताना त्याची नजर आडव्या पडलेल्या दाराच्या कडेवर गेली. कड सपाट होती. कुलपाचे तीन जाड दांडे बाहेर आलेले असायला हवे होते, ते सगळे आत होते. किल्ली कुलपात होती. म्हणजे शेजारी खाली पळाल्यानंतर त्या बाईने वाकड्या बोटांनी तीनही फेरे उलटे फिरवले होते. आणि मग, हँडल खाली दाबायचं तेवढं राहिलं असताना, ती पडली होती. बाहेरून कोणीही ते दाबलं असतं तर दार उघडलं असतं. सात मिनिटं आधी.

त्याने जिन्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं. त्सान्को खाली होता आणि मेतोदीचा आवाज रस्त्यावरून येत होता. रांगेल गुडघ्यावर बसला, हातमोजा काढला आणि ती गरम किल्ली फिरवली. एक, दोन, तीन. दांडे खट् करून बाहेर आले. त्याच्या दोन बोटांची कातडी किल्लीला चिकटून राहिली.

चौकशीला आलेल्या माणसाने दांडे बाहेर आलेले पाहिले, तसं लिहून घेतलं आणि तो जेवायला गेला. रांगेलच्या बोटांना पट्टी बांधली गेली. म्हातारीसाठी त्याने हात भाजून घेतला असं गावभर झालं, आणि तो काही बोलला नाही.

स्तोयना गेल्यापासून चाळिसाव्या दिवशी मेतोदी अग्निशमन केंद्रात आला. हातात रुमालात बांधलेलं भांडं, त्यात उकडलेला गहू, साखर आणि अक्रोड घातलेला, मेलेल्याच्या नावाने वाटतात तो. त्याने आधी त्सान्कोला दिला, मग रांगेलसमोर वाटी ठेवली आणि बाकावर टेकला. चाळीस दिवसांत म्हातारा वाळून काटकुळा झाला होता.

"देव तिला क्षमा करो," रांगेल म्हणाला आणि एक चमचा तोंडात टाकला. असं म्हणूनच खायचं असतं.

मेतोदी सांगायला लागला. नेवेना आईला पुरायला आली होती, पण बापाशी एक शब्द बोलली नाही. जाताना दारातच म्हणाली होती, आई कुलपापर्यंत पोचली, किल्ली लावली, आणि तुमच्या त्या कुलपाने तिचा जीव घेतला. साधी कडी असती तर ती आज जिवंत असती. आज चाळिसाव्याला ती आलीच नाही. नातवालाही तिने फोन उचलू दिला नाही.

"रांगेल, पोरा, तू दार पाहिलंस," मेतोदी म्हणाला. "मला एकच सांग. तिला एक तरी फेरा फिरवता आला होता का? एक फिरवला असेल ना, तर मी नेवेनाला सांगेन. बाई गं, तुझ्या आईला ते कुलूप जमत होतं, धूर आडवा आला. एवढंच सांगेन. ती ऐकेल."

त्सान्को आपली वाटी धुवायला मोरीकडे गेला होता. सोफियाला जायला अकरा दिवस उरले होते. रांगेलची बॅगही भरून झाली होती. एक फेरा म्हटलं तर ते चौकशीत लिहिल्याच्या उलट जाणार, चौकशीवाला पुन्हा येणार, चौकट तपासणार, दांड्यांच्या भोकांना ओरखडाही नाही, म्हणजे दांडे त्यांत नव्हतेच, हे त्याला दिसणार. रांगेलने तो हिशेब म्हातारा बोलत होता तेव्हाच करून टाकला होता.

"नाही, मेतोदीकाका," तो म्हणाला. "एकही नाही. तीनही दांडे बाहेर होते."

"अर्धा?"

"अर्धाही नाही. तिला ती किल्ली हललीच नव्हती."

मेतोदीने मान डोलावली. आपले दोन्ही पंजे त्याने गुडघ्यांवर ठेवले आणि बोटांकडे पाहत राहिला, जणू तिचीच बोटं तिथे होती.

"म्हणजे पोरगी म्हणते तेच खरं," तो म्हणाला. "मीच मारलं तिला."

म्हातारा उठला, रांगेलच्या भाजलेल्या बोटांवरून हात फिरवला, त्याला दीर्घायुष्य चिंतलं आणि वाटीकडे बोट दाखवून म्हणाला, सगळं संपव, टाकायचं नसतं. मग तो दारातच उभा राहिला, रांगेल शेवटचा दाणा खाईपर्यंत.