रूपीचे नर वेल

रूपी शाळेची पायरी चढली नव्हती, पण करटोलीतलं तिला जेवढं कळायचं तेवढं मला, रानशेतच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला, कळत नव्हतं. या रानभाजीचे कंद डोंगरातून आणून तिने घरामागे मांडव घातला होता. करटोलीचे नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे. ज्या फुलामागे इवलंसं काटेरी बोंड, ते मादी. रोज उजाडता ती नर फुलं खुडायची आणि मादी फुलांवर अलगद टेकवत फिरायची. माशीच्या भरवशावर बसलं तर पोट भरत नाही, म्हणायची.

दिवाळी झाली की रूपी आणि तिचा नवरा हाल्या वीटभट्टीवर जात, आणि त्यांची वर्षा, माझ्या सातवीतली सगळ्यात चौकस मुलगी, शाळा सोडून त्यांच्यामागे. यंदा मांडव भरून फुलला होता. करटोली नीट धरली तर कोणीच जाणार नाही, वर्षा शाळेतच राहील, असं रूपीने मला छातीठोकपणे सांगितलं होतं.

श्रावणात रूपीची आई तलासरीला आजारी पडली, म्हणून ती आठ दिवस तिकडे गेली. त्याच आठवड्यात मी वर्गात परागण शिकवलं. जास्वंद कापून दाखवली: पुंकेसर, स्त्रीकेसर, एकाच फुलात दोन्ही. नर-मादी वेगळी असणारी झाडं, वारा, कीटक, हे सगळं पुढच्या तासाला म्हटलं. तो तास झालाच नाही. मला कसल्याशा सर्वेक्षणाला जुंपलं. शिकवणं सोडून आम्हाला सगळी कामं असतात.

हाल्या रोजंदारीवर जाणारा, मांडवाकडे त्याचं कधी लक्ष नसे. बायको येईपर्यंत काहीतरी करून ठेवावं म्हणून आत शिरला, तर सात वेलांना एकही फळ नाही. फळाला नर वेल वेगळा लागतो का, असं त्याने वर्षाला विचारलं. ती म्हणाली, बाईंनी सांगितलंय, एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतं. मग हे नुसते खत खाणारे, असं ठरवून त्याने सातही वेल कंदासकट उपटले.

रूपी परतली तेव्हा मादी फुलं बोंडासकट सुकून गळत होती. ती रोज डोंगरावर नर फुलं शोधत हिंडली, पण तिथे रानवेल औषधालाही उरला नव्हता.

हे मला हाल्याने सांगितलं ते दिवाळीनंतर, वर्षाला नेऊ नका म्हणून मी विनवायला गेले तेव्हा. टेम्पो दारात उभा होता. चूक त्याची नव्हती, पोरीची तर नव्हतीच. अर्धवट शिकवणारी मी होते. मला माझीच चीड आली. मी माफी मागायला लागले तशी रूपीने मला बाजूला नेलं.

"बाय, वर्षाला यातलं काय सांगू नका. वेलांना रोग लागला, असं सांगितलंय तिला. नायतर शाळेवरून मन उडंल तिचं."

वर्षा भांड्यांच्या गाठोड्यावर चढून बसली. टेम्पो सुरू झाला तेव्हा वाकून तिने मला विचारलं, "बाई, वेलांचा तो रोग पुढच्या धड्यात आहे का?"

मी म्हणाले, आहे.