दिव्यांना इसावा देणारी आक्का

“इसावा,” असं आक्का म्हणाली की स्टुडिओत जो जिथं असेल तो तिथं थांबायचा. नवरदेव हसता हसता थांबायचा. गिऱ्हाईक कन्नड बोलणारं असलं तर “स्वल्प तडीरी” म्हणायची, जरा थांबा. मग ती फ्लॅशच्या लाईटमागं जायची आणि तव्याची धग बघतात तसा उपडा हात त्याच्या पाठीजवळ धरून उभी राहायची. इसावा माणसांना नव्हता, लाईटाला होता.

निपाणीत आमची दुकानं शेजारी शेजारी. माझं मोटार वाइंडिंगचं, तिचा फोटो स्टुडिओ, मधे एकच भिंत. मी तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तरी तिला आक्का म्हणायचो, कारण सगळा बाजारच म्हणायचा. ती मला आप्पा म्हणायची. मी चौथीत शाळा सोडली. पण तार, पंखा, पंप यातलं मला कुणी शिकवू नये, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे.

एकदा ती एक फ्लॅश घेऊन आली. म्हणाली, आतला पंखा अडकतोय, लाईट तापून आपोआप बंद पडतोय, तेवढं बघा. पण प्लग काढला तरी आत करंट साठून राहतो, म्हणून लगेच उघडू नका. मला राग आला. विहिरीवरच्या साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारी उघडणाऱ्या माणसाला ही सांगणार. ती पायरी उतरली आणि मी स्क्रू काढले. पुढचं मला नीट आठवत नाही. मी स्टुलाखाली होतो आणि पक्कड रस्त्यावर पडली होती. आक्का परत आली, तांब्याभर पाणी दिलं, पक्कड उचलून आणली.

“लागलं काय, आप्पा?”

“न्हाय. पक्कड निसटली.”

“व्हय, निसटती कधी कधी,” ती म्हणाली आणि गेली. हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी तो पंखा दुरुस्त केला. चांगला केला.

तुम्ही फोटो काढायला गेला असाल तर बघितलं असेल, फ्लॅश नुसता चमकतो आणि विझतो. त्याला तापायला काय झालं, असं मलाही वाटायचं. आक्कानं समजावलं. पूर्ण जोरात लागोपाठ मारला की काचेच्या नळीत धग साठत जाते. त्यात सावली बघण्यासाठी मधे एक पिवळा बल्ब सारखा जळत असतो, तो तर चुलीसारखा. म्हणून सावली एकदा बघून झाली की ती तो बल्ब बंद करायची. लाईट निम्म्या जोरावर ठेवायची. उन्हाळ्यात काळ्या कापडाची पेटी काढून छत्री लावायची, कारण पेटीत धग कोंडते. लाईटाच्या पाठीच्या फटी भिंतीला टेकू द्यायची नाही. आणि तीस चमका झाल्या की इसावा. मोजायला दोन वाट्या आणि तीस चिंचोके होते. दर चमकेला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दुपारी माझ्याकडं काम नसलं की चिंचोके मी हलवायचो. बाजारातली पोरं हसायची, म्हातारा पोरींसारखा बिट्ट्या खेळतोय म्हणायची. हसू देत. त्यांच्या लग्नाचे फोटो त्याच लाईटात निघालेत.

सदलग्याकडचे एक पुढारी वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो काढायला आलेले. बरोबर आठ-दहा माणसं. नमस्कार करताना, फोनवर बोलताना, लांब बघताना, असे फोटो चालले होते. मधेच आक्का इसावा म्हणाली. त्यांचा एक माणूस बोलला, बाई, तुमचा लाईट लई नाजूक दिसतोय. आक्का म्हणाली, “साहेबांनी कोट घातलाय म्हणून मी पंखा लावलाच की. लाईटानं बी कोट घातलाय.” पुढारी स्वतः हसले आणि खुर्चीत टेकले.

पण तिची खरी कसोटी लागली ती वडगावच्या साड्यांच्या दिवशी.

वडगाव म्हणजे बेळगावचं, विणकरांचं. तिथले एक म्हातारे विणकर दसऱ्याच्या आधी आले. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या माणसांनी विणलेल्या साड्या बाहेरगावचा एक व्यापारी फोनवर फोटो दाखवून विकत होता. पण आधी बेळगावात काढलेल्या फोटोंत वांगी रंग निळा दिसला, डाळिंबी विटकरी दिसला, आणि साड्या परत आल्या. व्यापारी म्हणाला, अजून एकदा बघतो, साठ साड्यांचे फोटो पाठवा. पुन्हा रंग खोटा निघाला तर आपला संबंध संपला. मामा म्हणाले, सहा घरांचे माग त्यावर चाललेत. आक्कानं त्यांच्या भाचीच्या लग्नाचे फोटो काढलेले, त्यात शालूचा रंग जसाच्या तसा आलेला, म्हणून ते एवढ्या लांब आलेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं ठरलं.

आता माझं सांगतो. खंडेनवमीला आक्का आईकडं बोरगावला गेलेली, चावी माझ्याकडं. मी माझ्या हत्यारांची पूजा केली आणि उरलेला झेंडू बघून वाटलं, आक्काचे लाईट बिनपूजेचे राहायला नकोत. दोन्ही लाईटांना हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, हार घातले. एक हार सारखा घसरत होता. म्हणून त्याची फुलं मी पाठीच्या फटींत दाबून बसवली. लई देखणं दिसत होतं. दसरा झाल्यावर हार काढले, फडक्यानं पुसून ठेवलं.

साड्यांच्या दिवशी मामा, दोन विणकर बायका आणि गठुडी सकाळीच हजर. एका साडीचे पाच फोटो. पदर, काठ, सगळी साडी. पंधरा साड्या झकास झाल्या. मग एक लाईट रेंगाळायला लागला. तयार झाल्यावर जो टींऽऽ करतो, तो उशिरा करू लागला. बाविसाव्या साडीला बंदच पडला.

आक्कानं लाईटाच्या पाठीजवळ हात धरला आणि लगेच काढला. मग नाक जवळ नेलं. तेवढ्यात एक विणकर बाई बोलली, “देवळासारखा वास येतोय.” भाजलेल्या झेंडूचा वास होता. सगळ्यांना येत होता. आक्कानं फटीत टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं, आणि माझ्याकडं वळली.

“उंदीर असतील,” मी म्हणालो.

तिनं टॉर्च बंद केला. “व्हय. सणाला आले असतील,” म्हणाली.

मामांचा धीर सुटलेला. ते ओलं फडकं घालूया म्हणत होते. आक्कानं त्यांचा हात धरला. म्हणाली, आत काच तापलीय, पाणी लागलं की तडकेल, आणि मग आज काहीच व्हायचं नाही. तुम्ही भाकरी खाऊन घ्या. मग मला म्हणाली, “आप्पा, हे तुमचंच काम.” एवढंच. लगेच उघडू नका, हे या वेळी तिनं सांगितलं नाही.

मी लाईट माझ्या दुकानात आणला आणि थांबलो. ते जेवत होते तोवर नुसता त्याच्याकडं बघत बसलो. करंट गेल्याची खात्री करून उघडला. पाकळ्या करपून पंख्याला चिकटलेल्या, आणि पात्याखाली तांदळाचा एक दाणा. एक दाणा, आणि सहा घरांचे माग. ब्रशनं एक न एक फट साफ केली. पंखा बोटानं फिरवला तर सुळकन फिरला. दुसराही लाईट उघडून बघितला, त्यात काही नव्हतं. माझ्या हातचं काम आहे, त्यात खोट निघायची नाही.

काम परत सुरू होईल असं आम्हाला वाटलं. पण आक्का सोळापासूनच्या साड्या एकेक करून दारात उन्हात धरत होती आणि कॅमेऱ्यातल्या फोटोशी ताडून बघत होती. मला काही फरक दिसेना. मामांनाही दिसेना.

“या सात परत काढायच्या,” आक्का म्हणाली. “लाईट तापलेला. रंग हललाय.”

मामा म्हणाले, आमची सहाची गाडी आहे, अजून अर्ध्याहून जास्त साड्या राहिल्यात. “चांगल्या दिसत्यात की गं. कोण बघतंय एवढं?”

“जी नेसणार हाय ती बघती, मामा.”

मामा खाली बसले ते काम संपेपर्यंत उठलेच नाहीत. त्या सात परत झाल्या. पुढं तीसला नाही, वीसला इसावा दिला. मी चिंचोके हलवत होतो, माझी मान वर होत नव्हती. सहाची गाडी गेली. दिवेलागणीला साठावी साडी झाली. पुढच्या गाडीत आक्कानं स्वतः गठुडी चढवून दिली.

दिवाळीनंतर मामा पेढे घेऊन आले. एकही साडी परत आली नव्हती, उलट नवीन मागणी आलेली. मी बाजारभर सांगितलं, बेळगावात जे जमलं नाही ते आमच्या आक्कानं निपाणीत केलं. पंखा मी दुरुस्त केला हेही सांगितलं. झेंडूचं सांगितलं नाही.

आक्कानं साड्यांच्या दुसऱ्याच दिवशी बाजारातून उंदराचा पिंजरा आणलेला. रोज बंद करताना त्यात चपातीचा तुकडा अडकवायची. कुणी विचारलं, उंदीर लई झालेत काय, तर म्हणायची, “व्हय, आप्पांनी बघितलेत.” तोंडावर हसू नाही, काही नाही. सहा वर्षं तुकडा बदलत राहिली. उंदीर एकही सापडला नाही. दर खंडेनवमीला फुलांची परडी मात्र ती माझ्याच हातात द्यायची, आणि लाईट पाटावर मांडून फुलं पाटाच्या कडेनं वाहायला सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. बोरगावहून तिचा भाऊ स्टुडिओ रिकामा करायला आला. लाईट, छत्र्या, पडदे सगळं बाहेर काढलं. टेबलाखाली पिंजरा सापडला, त्यात वाळून कडक झालेला तुकडा.

“आप्पा, हितं उंदीर होते?” त्यानं विचारलं.

व्हय म्हणायला माझं तोंड उघडलं होतं.

“न्हाय,” मी म्हणालो. “लाईटात झेंडू मी कोंबलेला. तुझ्या आक्काला ठावं होतं.”

त्याला काही उमगलं नाही. पिंजरा त्यानं भंगाराच्या पोत्यात टाकला. मी पोत्यात हात घालून तो काढून घेतला आणि माझ्या दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, समोरच्या फळीवर ठेवला.