सुनंदाच्या पेशी

प्रयोगशाळेत निष्कर्ष कित्येक वर्षांनी हाती येतात. किस्से मात्र रोज साचतात. ते चघळण्याची मला सवय नाही. तरी काही मनातून जात नाहीत.

आमचे काम मेंदूवरचे. मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. ते झिजले की मेंदूचा निरोप वाटेतच अडतो; पाय लटपटतात, दृष्टी मंदावते. मेंदूच्या मूळपेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या, की त्यांतल्या काही ते आवरण पुन्हा घडवतात. हे ऐकून एक पाहुणे म्हणाले, "आमच्या जावयाच्या डोक्यात सोडता का थोड्या?"

माझी विद्यार्थिनी सुनंदा म्हणाली, "उंदराला विचारून सांगते, काका!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. तिचा थोरला भाऊ दत्तात्रय याच रोगाने खचत होता. तो शिक्षक; फळ्यावरची अक्षरे पुसटली तेव्हा रोग कळला. उजवा डोळा गेला होता. डाव्याने अजून दिसते, असे तो घरी सांगे.

*

पाहून झाले की सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करायचा, हा माझा कडक नियम. दसऱ्याला आम्ही उपकरणांची पूजा केली. आरती संपताच सुनंदाचा हात समईकडे गेला!

"अगं, देवाचा दिवा आहे तो!"

"हात आपोआप गेला, सर!"

*

बश्यांत वाढवलेल्या पेशींना ठरल्या दिवशी ताजे पोषणद्रव्य द्यावेच लागते. लक्ष्मीपूजनालाही सुनंदा फुलंब्रीहून बसने आली. पाठोपाठ आईचा फोन. आवाज मलाही ऐकू आला. "पेशींना फराळ, आन् भाऊ इथं वाट बघतोय!"

मागून दत्तात्रय ओरडला, "मी खाल्लंय गं! त्यांना नको उपाशी ठेवू!"

*

एकदा साऱ्या पेशींना बुरशी लागली. सुनंदा रडली. दत्तात्रय फोनवर म्हणाला, "परत पेर. आपलं सोयाबीन दोनदा नव्हतं का पेरलं?"

तिने परत पेरल्या.

*

अखेर एका उंदराच्या मेंदूत नवे मायलिन दिसले. सुनंदाने पेढे आणले. मी म्हणालो, "उंदीर सुधारला, माणूस नव्हे."

"दादाला हा उपचार कधी मिळेल, सर?"

खोटी आशा दाखवणे मी पाप मानतो. "त्याची नजर शाबूत आहे तोवर, बहुधा नाही."

तिने डबा न उघडता पिशवीत ठेवला. म्हणाली, "मग निदान या पेशी पाहू तरी द्या त्याला."

*

दत्तात्रय काठी टेकत आला. सुनंदाने भिंग नीट जुळवून पेशी पाहिल्या, मग वळून त्याला हात धरून स्टुलावर बसवले. त्याने डावा डोळा भिंगाला लावला. पुष्कळ वेळ तो हलला नाही. काठीवरची त्याची मूठ आवळली गेली.

"दिसलं का, दादा?"

"व्हय गं! लई सुंदर! चांदण्याच जणू!"

त्याने सावकाश डोळे पुसले. सुनंदाने समाधानाने दिवा बंद करायला हात पुढे केला.

दिवा बंदच होता.