पेजेचा रकाना

करंगळी वाचवायला डॉक्टरांनी आम्हाला सहा आठवडे दिले होते. करंगळी माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायाची. ओहोटीला खाडीत उतरून कालवं काढायची त्यांना जुनी हौस. सगळा जन्म सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस, पण निवृत्त झाल्यापासून भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ. त्या दिवशी कालवाच्या कवचाची धार लागली ती त्यांना कळलीच नाही. घरी येऊन दारापुढच्या खळ्यात पाय धुतले, आत आले, आणि लादीवर रक्ताचे ठसे बघून ओरडले ती मी. ते खाली वाकून बघत राहिले, पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसे. साखरेने पायाची जाणीव गेली होती आणि ती कधी गेली हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

महिना झाला तरी जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी वाढवतो. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, खाणं बदलावं लागेल. सहा आठवड्यांत साखर खाली आली नाही तर बोट काढावं लागेल, आणि एकदा बोटापासून सुरुवात झाली की पाऊलही धोक्यात येतं." मग त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे आहारतज्ज्ञ बसायच्या, कोल्हापूरकडच्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एक छापील तक्ता दिला. सकाळी उठल्यावर, नाश्ता, दुपारचं जेवण, चार वाजता, रात्रीचं जेवण, असे पाच रकाने. भात नाही, भाकरी नाही, घावणे-आंबोळ्या नाहीत. साखर, गूळ, बटाटा, केळं नाही. अंडी, मासे, पालेभाज्या, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे चालतील. "पोटभर खा, पण यातलंच खा," त्या म्हणाल्या.

रिक्षातून परत येताना ह्यांनी बाहेर बघत एवढंच विचारलं, "आणि भात नाय तर माशाची कडी कशावांगडा खावची?"

मला हसू आलं नाही. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. तक्ता हातात आला की माझ्या अंगात काय संचारतं ते आमच्या गावातल्या दोन पिढ्यांना माहीत आहे. घरी पोचल्यावर मी तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला, टोस्टचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला आणि ह्यांना सांगितलं की आजपासून ह्या घरात माझ्या परवानगीशिवाय काहीही तोंडात जाणार नाही.

आता खरं सांगायचं तर त्या तक्त्याने आमचं भलंच केलं. आमच्याकडे भाजी म्हणजे भाताच्या कडेला लावायची गोष्ट, चटणीसारखी. वाल, माठ, भोपळा, पडवळ हे ताटभर घेऊन पोट भरायचं असतं हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. चहात बुडवायला दिवसाकाठी किती टोस्ट आणि बटर जात होते, ते बंद झाल्यावर लक्षात आलं. बांगडा नुसताच, भाताशिवाय, खायला सुरुवातीला फार जड गेलं. ह्यांचा हात ताटात सारखा भात शोधायचा. पण दोन आठवड्यांत त्यांचा साखरेचा आकडा इतका उतरला की डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या. कमी भात, ठरलेल्या वेळा, समोर लिहिलेलं असणं, ह्याने माणूस नीट खायला लागतो का असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर हो असंच आहे. मला पुढे जे सांगायचंय त्यामुळे ते बदललेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचं तोंड उतरलं. गालफडं बसली, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. एक दिवसाआड ड्रेसिंगला जायचं, तिथून येईपर्यंत साडेदहा वाजायचे, आणि ते दारात आले की घामाघूम. मला बघवेना. माझ्यासाठी सकाळी पेज करत होतेच. त्यातली वाटीभर त्यांना द्यायला लागले. आजारी माणसाला आमच्याकडे दुसरं काय देतात? ताप असो, बाळंतपण असो, ऑपरेशन असो, पहिली पेज. आधी वरची नुसती निवळ, मीठ घालून. मग त्यांना जरा तरतरी आलेली दिसली म्हणून डाव खालपर्यंत घालून. मग ड्रेसिंग नसेल त्या दिवशीही.

चौथ्या आठवड्यात आकडा वर गेला.

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि ह्यांना विचारलं, "काही खाल्लं का बाहेर?" हे म्हणाले, नाही. मी म्हटलं, घरात तर शक्यच नाही. आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात पक्कं बसलं, हा माणूस चोरून खातोय. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर अपराधी कोण हे चेहऱ्यावरून कळतं असा मला गर्व होता. ह्यांचा चेहरा मुळातच मवाळ, कुणी दटावलं की पडणारा, त्यामुळे माझी खात्रीच झाली.

मी त्यांच्या शर्टाचे खिसे तपासले. पिशवी झटकली. काही सापडलं नाही, तेव्हा मला शेजारचं घर आठवलं. शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, दोघंच असतात. तो सुतार, आता हात थरथरतात म्हणून काम सोडलेला. हे रोज संध्याकाळी त्याच्या सोप्यावर पत्ते खेळायला जायचे, चाळीस वर्षांचा परिपाठ. त्याची बायको हाताला चव असलेली बाई. गूळ-नारळाचं तिचं दोदोल तर ह्यांचा जीव की प्राण. मी भरदुपारी तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"तेंका काय खावक देव नको," मी म्हटलं. "तेंच्या पायाचो प्रश्न आसा."

ती कपडे वाळत घालत होती. हातातलं पातळ तसंच धरून म्हणाली, "बाय, तो माज्याकडे चाय सुदीक घेणा नाय. विचारलंय तर हात जोडता."

"मगे साखर कशी वाढता?"

"ता माका कसा म्हायत?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण ती मला आत ये म्हणाली नाही. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. घरी येऊन मी ह्यांना, जे बोलू नये ते सगळं बोलले. तुमच्या जिभेपायी पाय जाईल आणि मग तो मलाच उचलावा लागेल, असंही बोलले. ते खुर्चीत बसून ऐकत होते, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर. शेवटी म्हणाले, "तुजो विश्वास नाय तर मी खंयच जाणा नाय." आणि त्या दिवसापासून त्यांनी पत्ते सोडले. संध्याकाळी त्याच वेळेला ते खिडकीपाशी बसत. समोरच्या सोप्यावर सुतार एकटाच पत्ते पिसत बसलेला दिसायचा.

सकाळची पेज मी चालूच ठेवली. उलट आता जास्त. एवढं बोलल्यावर मनाला लागलं होतं, आणि मन मोकळं करायची आमची रीत म्हणजे काहीतरी करून घालणं.

पाचव्या आठवड्यात आकडा आणखी वर. आहारतज्ज्ञ बाईंनी मला सांगितलं, "तक्ता बाजूला ठेवा. आठ दिवस जे जे तोंडात जातं ते वहीत लिहा. पाणीसुद्धा. वेळेसकट." हे काम माझ्या आवडीचं. मी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि लिहिलं. काही लपवायचं नव्हतं, तेव्हा सगळं लिहिलं. आठव्या दिवशी हे बाहेर बाकावर पाय लांब करून बसले आणि मी वही घेऊन आत गेले.

बाईंनी पानं उलटली. अंडी, पालेभाजी, तळलेली मोरी मासळी, ताक ह्या सगळ्यावर बोट फिरवत गेल्या. मग बोट थांबलं. मागच्या पानावर गेलं, पुढच्या पानावर गेलं.

"हे साडेदहाचं काय आहे, रोज? पेज?"

"पेज हो. घोट दोन घोट. ड्रेसिंगहून थकून येतात ना."

"मला माहीत नाही ती. कशाची करतात?"

"उकड्या तांदळाची," मी म्हटलं.

तोंडातून शब्द बाहेर पडला आणि तो मी स्वतःच ऐकला. पंख्याने वहीचं पान उडत होतं, बाईंनी त्यावर पेन ठेवलं. मी अडाणी बाई नाही. पिष्टमय पदार्थ म्हणजे काय हे मी चौथीच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवलंय. पण आमच्याकडे भात जेवतात आणि पेज पितात. भात म्हणजे अन्न, पेज म्हणजे उपचार, आधार, औषध. भात सोडला का असं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं ते अगदी खरं समजून म्हटलं. छापील तक्त्यात पाच रकाने होते आणि साडेदहाचा त्यात नव्हता. कोल्हापूरच्या मुलीला ह्या वेळेला इथे काय देतात ते माहीत असायचं कारण नव्हतं. ते माहीत असायला मी होते.

"तुम्ही मुद्दाम नाही केलं," बाई म्हणाल्या. फार हळू म्हणाल्या, म्हणून मला जास्त लागलं.

बाहेर येऊन मी ह्यांना काय सांगितलं? सांगितलं, "बाईंनी पेज बंद करूक सांगल्यान." एवढंच. चूक बाईंच्या तोंडी घातल्यासारखी. ते "बरा" म्हणाले आणि काठी घेऊन उठले. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रिक्षा थांबवायला पुढे झाले.

पेज थांबली तसा आकडा खाली आला, आठवड्याभरात. पण करंगळी तोपर्यंत काळी पडली होती. तालुक्याच्या इस्पितळात ती काढली. पाऊल वाचलं. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, पेजेच्या त्या तीन आठवड्यांमुळे गेली का? ते म्हणाले, "रक्तपुरवठा आधीच कमी होता. त्याच्यामुळेच गेली असं मी म्हणणार नाही." त्याच्यामुळे नाही गेली असंही ते म्हणाले नाहीत, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

ह्यांना घरी आणण्याच्या आदल्या दिवशी मी शेजारी गेले. ह्या वेळी तिने ये म्हणायची वाट बघितली नाही, आत जाऊन बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुतार कोपऱ्यात बसून ऐकत होता. ती म्हणाली, "माका राग इलेलो, बाय. खोटा कित्याक सांगू? पण पेज मीपण दिली असती." त्यावर मला रडू आलं. तिने पाठीवर हात ठेवला.

तक्ता पुन्हा फ्रिजवर आला. ह्या वेळी बाईंनी माझ्याकडून आमच्या घराचा सगळा दिवस विचारून, हाताने लिहून दिला. त्यात साडेदहाचा रकाना आहे, त्यात ताक आहे. दुपारी एक लहान वाटी भातही आहे, मोजून, कडीसाठी. बाई म्हणाल्या, जो पाळता येतो तोच तक्ता खरा. हे आता बरे आहेत, त्यांचा आकडा ठीक असतो. पहिला कागदही वाईट नव्हता. माझ्या हातात त्याची छडी झाली होती, एवढंच.

पण त्याआधी, ह्यांना घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी त्यांनाही सगळं सांगितलं. दुपारी, पलंगाशी उभी राहून, शाळेत मुलं चूक कबूल करताना उभी राहायची तशी. साखर पेजेने वाढली, तुम्ही काहीच खाल्लं नव्हतं, मी नाही नाही ते बोलले, आणि समजल्यावरही तुम्हाला सांगितलं नाही.

त्यांनी पट्टीची सुटलेली कड आत खोचली. मग म्हणाले, "माका म्हायत होता."

"काय म्हायत होता?"

"पेज तांदळाची ता. तेना साखर वाढता ता माका कळत होता."

"मगे तुमी सांगलास नाय कित्याक?"

"त्या दिवसांत तू सगळा रागान वाढी होतंस," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, पाऊस पडला असं सांगावं तसं सांगत होते. "अंडा रागान, काकडी रागान. पेज तेवढी फुंकून देय होतंस. ती नको म्हणूक माज्या जिवार इला."

मी स्वयंपाकघरात गेले. जेवणाची वेळ झाली होती. उकडलेली दोन अंडी, माठाची भाजी, काकडी, असं ताट केलं. अंडं काय, काकडी काय, ह्यातलं काही फुंकून देता येत नाही. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि रोजच्यासारखी आत वळले नाही. खुर्ची ओढून, ते जेवेपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहिले.