पोचट शेंगा

संक्रांत उलटली की तुरीच्या शेंगा निबर होऊ लागतात. त्याआधी घरात मोठं पोतंभर शेंगा आणायच्या, सोलायच्या आणि आतले हिरवे सोले पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचे, म्हणजे भर पावसाळ्यातही सोलेभात होतो. आई गेल्यावरही आम्ही हे सोडलं नव्हतं.

शेंगा देणारी बाई सावनेरकडची. घरच्या वावरातला माल घेऊन सकाळच्या बसने यायची आणि आमच्या चौकात औषधाच्या दुकानासमोर बसायची. बाबा दुसऱ्या कुणाकडून घेतच नसत. सरकारी कचेरीत जन्म गेलेला माणूस, पण तिच्याशी पाऊसपाण्यावर असं बोलायचे जणू त्यांचंच शेत आहे.

दोन वर्षांपासून बाबांचं विसरणं वाढलं होतं. त्या रविवारी मदतीला भाऊ आला होता. आम्ही तिघं सतरंजीवर सोलायला बसलो. बाबा सोले टरफलांत टाकायचे आणि टरफलं सोल्यांत. निवडलेल्या पातेल्यात तिसऱ्यांदा अळी निघाली तेव्हा मी त्यांच्या हातातली शेंग हिसकावली.

"बाबा, तुम्ही काम वाढवून राहिले. तिकडे बसा बरं."

ते सरकून बसले. पण हात स्वस्थ राहीनात. "मले दे ना वं थोड्या," असं दर दोन मिनिटांनी म्हणायचे.

कल्पना माझीच होती. सोललेली शेंग दोन बोटांनी दाबली की पुन्हा मिटते. मी तशी टरफलं मिटवून परात भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "घ्या, ह्या तुमच्या."

दीड तास ते मान खाली घालून रिकाम्या शेंगा सोलत होते. एकेक उघडायची, आत बघायचं, अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायची. भावाने मोबाइलवर शूटिंग करून घरच्या ग्रुपवर टाकलं. नातेवाइकांनी हसरे चेहरे पाठवले. आम्ही दोघं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शेवटी बाबांच्या वाटीत आमच्या नजरेतून सुटलेले तीन दाणे होते.

"यंदा दाणा काहून नाही भरला वं?" ते म्हणाले. "बाईनं पोचट माल देल्ला आपल्याले."

"हो ना," मी म्हणाले.

मला वाटलं, सकाळपर्यंत विसरतील. जेवलो की नाही हे ते विसरायचे. आई गेली हे विसरून तिला हाका मारायचे. हे मात्र विसरले नाहीत. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, टरफलांची पिशवी घेऊन ते चौकात निघाले. मी मागे धावले, तोवर त्यांनी पिशवी शेंगावालीपुढे ओतलीही होती.

"इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक मी, अन् मलेच फसवलं?"

तिने एक टरफल उचलून पाहिलं. तिला काय ते लगेच कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही सांगा ना काकाजीले. ह्या सोललेल्या शेंगा आहेत जी."

माझं एक वाक्य पुरलं असतं. पण आजूबाजूला गल्लीतल्या चार ओळखीच्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यासमोर काय सांगू, की मी बापाला टरफलं सोलायला बसवलं?

"निघाल्या थोड्या पोचट," मी म्हणाले. "जाऊ द्या आता."

एका बाईने आपल्या पिशवीतल्या शेंगा परत पोत्यावर ओतल्या. सावनेरवालीने चांगल्या भरदार शेंगा निवडून बाबांची पिशवी गच्च भरली. "घेऊन जा काकाजी. चुकलं माझं."

"पुन्हा असं नको करू," बाबा म्हणाले, कचेरीत एखाद्या शिपायाला माफ करावं तसे. दिवसभर ते खुशीत होते. त्या शेंगाही मी सोलल्या आणि फ्रीजरमध्ये ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे एकटी गेले. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून गेले होते. तिने ते पुरं होऊ दिलं नाही.

"काकाजी बिमार आहेत. त्यांचा मले राग नाही. तुम्ही तर चांगल्या होत्या ना?"

मग ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बाबा आता मलाही ओळखत नाहीत. परकी बाई समजून अहोजाहो करतात. यंदा मी शेंगा घ्यायला गेले तेव्हा वाटलं होतं, ती देणार नाही. तिने नाही म्हटलं नाही. पोत्यातून मूठभर शेंगा काढल्या, एकेक माझ्या डोळ्यांपुढे फोडली, दाणे दाखवले.

"पाहून घ्या," ती म्हणाली, "अन् पटलं तर हो म्हणा."

शेजारी गल्लीतलीच एक बाई उभी होती. तिने विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," मी म्हणाले आणि सात किलो घेतल्या.